पाच वेळा बसलेला क्लच: स्लेव्ह सिलिंडर पुन्हा पुन्हा का जातो?

पहाटे साडेचारला ड्रायव्हरचा फोन आला की ट्रकमालकाला तो उचलायच्या आधीच अर्धी गोष्ट कळलेली असते. "भाऊ, गिअर पडून नाही राह्यला. पेडल पार खाली बसलं." गाडी नागपूरच्या कळमना बाजाराच्या गेटवर, पाठीवर काटोलची संत्री, हर्रास (लिलाव) तोंडावर आलेली. मागच्या गाड्यांचे हॉर्न मला वाडीत घरबसल्या फोनमधून ऐकू येत होते. इंजिन बंद करून पहिला गिअर घालायचा आणि स्टार्टर मारूनच गाडी उचलायची, ही युक्ती जुन्या ड्रायव्हरला शिकवावी लागत नाही. त्यानं माल उतरवला आणि गाडी घरीही तशीच आणली. स्टार्टरची त्यात जी वाट लागली तो खर्च वेगळा.

गाडी २००९ ची, सहा चाकी, ब्रेक हवेचे, क्लच ब्रेक ऑइलवर चालणारा. म्हणजे पेडलजवळचा मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो, ते गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं आणि स्लेव्हचा रॉड फोर्क नावाच्या दांडीनं क्लच सोडवतो. मार्चमधला हा बिघाड अकरा महिन्यांतला पाचवा. आधीच्या मे महिन्यात स्लेव्ह सिलिंडर गळायला लागला, किट (आतल्या रबरांचा संच) बदललं. जुलैत तोच स्लेव्ह, पुन्हा किट. पोळ्याच्या आसपास तिसऱ्यांदा गळला तेव्हा चिडून अख्खा स्लेव्ह नवा टाकला. डिसेंबरात मास्टर सिलिंडर गेला, तोही नवा घेतला आणि सोबत स्लेव्हचं किट. आणि आता पुन्हा स्लेव्ह. दर वेळी मिस्त्री वेगळा, निदान मात्र एकच: "भाऊ, पार्ट डुप्लिकेट निघाला." बाजारात डुप्लिकेट पार्ट असतात, नाही कोण म्हणतं? पण पाचच्या पाच वेळा?

या वेळी मी गाडी गॅरेजला नेलीच नाही. मामांना बोलावलं. मामा एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले. आल्या आल्या त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही. खाटेवर बसले, चहा घेतला आणि विचारलं, "जुने रबर कुठी हायेत?"

मी म्हटलं, "मामा, ते कोण ठेवतं? फेकले असतील."

"मंग पाच वेळा पैसे घालून तू काय शिकला?"

नशीब असं की फेकलेले नव्हते, निदान सगळे नव्हते. क्लीनर पोराला कोणतीही वस्तू टूलबॉक्समध्ये टाकून ठेवायची खोड आहे. त्यात जुलैत काढलेले रबर सापडले, डिसेंबरच्या मास्टरचा अख्खा पिस्टन रबरांसकट सापडला, आणि आताचे तर आम्ही स्वतःच काढले. पोळ्याच्या वेळचे मिळाले नाहीत, त्यामुळे तिसऱ्या बिघाडाबद्दल मी खाली जे लिहितो तो अंदाज समजा.

मेलेलं रबर वाचायचं कसं

मामांनी वर्तमानपत्रावर सगळे रबर मांडले आणि बाजूला कोऱ्या किटमधलं एक ठेवलं. हे एक कोरं रबर जवळ असणं फार गरजेचं आहे, कारण रबर फुगलं की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, शेजारी ठेवलं की लगेच कळतं.

जुलैचं रबर मापाला बरोबर होतं, मऊही होतं, पण ओठावर, म्हणजे बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) घासणाऱ्या पातळ कडेवर, आडवे-उभे बारीक चरे. नखानं लागत होते. असं रबर मरतं ते खरखरीत बोअरमुळे. बोअरला गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि पिस्टन पुढेमागे झाला की रबर किसणीवर किसल्यासारखं किसलं जातं. अशा सिलिंडरात कितीही चांगल्या कंपनीचं किट टाका, महिना-दीड महिना चालेल. मिस्त्री बोअरला बारीक पॉलिश पेपर मारून देतात, त्यानं डाग जातात, खड्डे जात नाहीत. बोटाला खड्डा लागला तर सिलिंडर बदलायचा, तिथे कंजुसी करू नये.

डिसेंबरच्या मास्टरमधलं रबर कोऱ्याच्या शेजारी ठेवलं तर चक्क मोठं दिसलं. दाबलं की भिजल्या पोह्यासारखं मऊ. हे तेलानं फुगलेलं रबर. यावर पुढे सविस्तर येतो.

आणि आताचं रबर? ते थोडं फुगलेलं होतंच, पण मामांनी ते उजेडात फिरवून दाखवलं. अर्धा ओठ जवळजवळ धड, समोरचा अर्धा झिजून पातळ झालेला. पिस्टनच्या धातूवरही त्याच बाजूला चकाकी आणि बोअरमध्ये त्याच बाजूला उभा पट्टा. "हा पिस्टन सरळ चालून नाही राह्यला," मामा म्हणाले. "कोणी तरी याले एका बाजूनं रेटून राह्यलं."

चौथा एक प्रकार असतो, जो आमच्या गाडीत नव्हता: रबर टणक, काळं, वाकवलं की तडा जाणारं. ते उष्णतेनं किंवा वयानं मेलेलं असतं. तसं दिसलं तर क्लचचा पाइप सायलेन्सरच्या जवळून गेलाय का ते पाहा, आणि त्यावरचं मूळ आवरण कोणी काढून टाकलं का तेही पाहा.

म्हणजे एकाच गाडीत तीन वेगवेगळी कारणं, आणि आम्ही वर्षभर त्याला एकच आजार समजत होतो.

आजार कधीपासून?

मामांचा दुसरा प्रश्न हा. मेच्या आधी चौदा वर्षं या क्लचनं काही त्रास दिला होता का? नाही. मग मेच्या आधी काय केलं? वही काढली. एप्रिलमध्ये गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदललं होतं. मी म्हटलं, त्याचा याच्याशी काय संबंध, ते तर नवं टाकलं. संबंध आहे, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त चमत्कारिक वाटला.

आमच्या गाडीत स्लेव्हच्या रॉडला आटे नाहीत, म्हणजे हातानं अ‍ॅडजस्ट करायची सोय नाही. प्लेट जसजशी झिजते तसतशी प्रेशर प्लेटची बोटं (रिलीज बेअरिंग ज्यांना दाबतं ती पाती) गिअरबॉक्सकडे सरकतात, त्यामुळे फोर्कचं बाहेरचं टोक स्लेव्हच्या रॉडला आत ढकलतं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये खोल जाऊन बसतो. वर्षानुवर्षं तो तिथेच, आतल्या भागात काम करतो. बाहेरचा, तोंडाकडचा भाग कोरडा पडून राहतो. त्यात रबरी टोपी फाटलेली असेल, आणि जुन्या गाडीत ती फाटलेलीच असते, तर पावसाळ्याचं पाणी आणि रस्त्याची धूळ त्या कोरड्या भागात गंज चढवते. मग एक दिवस नवी प्लेट बसते. बोटं पुन्हा पुढे जातात, पिस्टन बाहेर येतो, आणि रबर नेमकं त्या गंजलेल्या भागात चालायला लागतं. नवी प्लेट टाकली आणि महिन्याभरात स्लेव्ह गळायला लागला, असं कोणी सांगितलं तर लोक हसतात, पण त्यामागे हे आहे.

मास्टरचंही तसंच. ऑइलमध्ये अडकलेली हवा काढताना क्लीनरला बसवून पेडल तळापर्यंत दाबायला लावतात. रोजच्या चालवण्यात मास्टरचा पिस्टन जिथपर्यंत कधी जात नाही त्या भागातून रबर ओरबाडत जातं आणि येतं. जुन्या गाडीत हवा काढताना पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवावा. पेडल रोज जिथपर्यंत जातं तिथपर्यंतच जाऊ द्यायचं.

पहिल्या दोन बिघाडांचा हिशोब असा लागला. जुना खड्डे पडलेला सिलिंडर, त्यात दोनदा किट. सिलिंडर पहिल्याच वेळी बदलला असता तर जुलैची खेप वाचली असती.

स्टिअरिंग ऑइलची कबुली

डिसेंबरचं फुगलेलं रबर समोर ठेवून मामांनी ड्रायव्हरला बोलावलं. रागावले नाहीत. नुसतं विचारलं, "दादा, रस्त्यात कधी ऑइल कमी पडलं तं काय टाकलं?"

ड्रायव्हर थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "कोंढाळीच्या अलीकडं क्लच ऑइलची डबी रिकामी झाली होती. नवीन स्लेव्ह टाकल्याच्या नंतरची गोष्ट. केबिनमध्ये स्टिअरिंगचं ऑइल होतं, तेच टाकलं. ऑइल तं ऑइलच ना भाऊ."

त्याची चूक नाही, निदान पूर्ण नाही. आपण सगळेच ब्रेक ऑइलला ऑइल म्हणतो, पण ते ऑइल नाहीच. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार म्हणजे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत, पाण्यात विरघळतात. त्यांच्यासाठी जे रबर वापरतात ते या द्रवात वर्षानुवर्षं टिकतं, पण इंजिन ऑइल, स्टिअरिंग ऑइल, डिझेल, पेट्रोल, साधं ग्रीस यांपैकी काहीही लागलं की फुगतं. वाटीभर तेल लागत नाही, थोडं पुरतं. आणि हे पाप फक्त ड्रायव्हरच करतो असं नाही. आपल्याकडे बहुतेक गॅरेजमध्ये सिलिंडर खोलला की आधी डिझेलच्या टबात धुतात, कापडानं पुसतात आणि नवं रबर चढवतात, वर सरकायला सोपं जावं म्हणून बोटभर ग्रीस. म्हणजे किट बसवतानाच त्याचा निकाल लावला. धुवायला स्पिरिट किंवा नवं ब्रेक ऑइलच वापरा. रबर चढवतानाही ब्रेक ऑइलच लावा, नाहीतर रबरासाठी वेगळं लाल ग्रीस मिळतं ते.

फुगलेलं रबर गळतीच करतं असं नाही, उलटाही त्रास देतं. मास्टरमध्ये एक सुईएवढं छिद्र असतं. पेडल सोडल्यावर दाब त्यातून डबीत परत जातो. रबर फुगलं की ते छिद्र झाकलं जातं, दाब अडकतो, आणि बेअरिंग बोटांना कायमचं दाबून धरतं, म्हणजे क्लच पुरता पकडत नाही. आता आठवलं, डिसेंबरच्या आधी पंधरा-वीस दिवस ड्रायव्हर सांगत होता की चढावर इंजिन ओरडतं पण गाडी उचलत नाही. मी म्हटलं, नवी प्लेट आहे, तूच पाय ठेवून चालवत असशील. त्या वेळी मास्टर सांगत होता, मीच ऐकलं नाही.

तुमच्या गाडीत असं काही आहे का हे पाहायला दोन साध्या परीक्षा आहेत. एक, डबीचं टोपण उघडून आतलं रबर बघा. ते सपाट असायला हवं. फुगून लहरी पडल्या असतील, टोपणात परत बसत नसेल, तर आतली सगळी रबरं तशीच झाली आहेत असं समजा. दुसरी, स्लेव्हच्या ब्लीडरमधून (हवा काढायच्या स्क्रूमधून) थोडं ऑइल काचेच्या बाटलीत काढा, तेवढंच पाणी घाला, हलवा आणि तासभर ठेवा. शुद्ध ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. त्यात तेल असेल तर तवंग वर येतो. आमच्या बाटलीत आला. डिसेंबरला मास्टर नवा, स्लेव्हचं किट नवं, तरी मार्चमध्ये तवंग कुठून? मधला लोखंडी पाइप आणि रबरी होज कोणी धुतलेच नव्हते. जुनं तेल नव्या रबरांची वाट पाहत आत बसलेलं होतं.

एकदा तेल गेलं की अर्धवट उपाय चालत नाही. मास्टरचं किट, स्लेव्हचं किट, होज, टोपणाचं रबर, सगळं नवं. लोखंडी पाइप स्पिरिटनं धुऊन कॉम्प्रेसरच्या हवेनं कोरडा करायचा. आणि एक गोष्ट मोठ्यानं सांगतो: काही गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांना ऑइल एकाच डबीतून जातं. तुमची गाडी तशी असेल आणि त्यात चुकून तेल गेलं असेल तर ती गाडी जागची हलवू नका. आमचे ब्रेक हवेचे म्हणून निभावलं.

दोष ऑइलचा की लोखंडाचा

आता पाचव्या बिघाडाकडे. एका बाजूनं झिजलेल्या रबराचं कारण शोधायचं होतं. त्यासाठी आधी नवं स्लेव्ह, मास्टरचं किट, होज हे सगळं बसवून, धुऊन, हवा काढून गाडी चालू स्थितीत आणली. गिअर पडायला लागला, पण पहिला आणि रिव्हर्स थोडा करकरतच होता. ड्रायव्हर म्हणाला, झालं ना भाऊ. मामा म्हणाले, नाही झालं.

इथे थोडा हिशोब. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मास्टरचा बोअर सहा सुती, म्हणजे १९.०५ मिमी. स्लेव्हचा सात सुती, २२.२ मिमी. आमच्या मास्टरचा रॉड पेडल पूर्ण दाबल्यावर ३० मिमी सरकतो. ऑइल दबत नाही, त्यामुळे मास्टरनं जेवढं ढकललं तेवढंच स्लेव्हमध्ये जाणार. बोअर मोठा म्हणून स्लेव्हचा रॉड २२ मिमी सरकला पाहिजे. हे गणित स्वतःच्या गाडीच्या मापानं एकदा कागदावर करून ठेवा, कारण दुकानदार कधी कधी "बसते, टाका" म्हणून आठ सुती, म्हणजे एक इंची स्लेव्ह देतो. तो बसतोही. पण मग रॉड फक्त १७ मिमीच्या आसपास सरकतो, क्लच पुरता सुटत नाही, आणि तुम्ही महिनाभर हवा काढत बसता.

मी गाडीखाली गेलो. इंजिन बंद, चाकांना दोन्हीकडून गुटके. ड्रायव्हर पेडलवर. सिलिंडरच्या तोंडाला मोजपट्टी टेकवली, "दाब" म्हटलं. रॉड २२ मिमी सरकला. बरोबर. मी वर ओरडलो, "मामा, बरोबर आहे, पूर्ण बावीस."

"पट्टी कुठं टेकवली?"

"सिलिंडरला."

"सिलिंडरले कायले? हाउसिंगले टेकव ना."

मी पट्टी गिअरबॉक्सच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, टेकवली आणि फोर्कच्या टोकाचं सरकणं मोजलं. १८ मिमी. चार मिमी कुठे गेले? पुन्हा दाबायला लावलं आणि या वेळी रॉडकडे न बघता सिलिंडरकडे बघितलं. पेडल दाबलं की सिलिंडर स्वतःच मागे आणि थोडा खाली झुकत होता. सोडलं की परत जागेवर. पट्टी सिलिंडरला टेकवली होती, म्हणून तीही त्याच्याबरोबर सरकत होती आणि मला गोड आकडा सांगत होती.

चिखल आणि ग्रीसचा थर खरवडला. स्लेव्ह ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याला चार बोल्ट हवे होते. तीनच होते. त्यांपैकी एक आखूड, जेमतेम दोन-तीन आटे धरलेला. भोकं लंबुळकी झालेली, आणि ब्रॅकेटच्या कोपऱ्यात केसाएवढा तडा, त्याच्या कडेनं गंजाची लाल रेघ. एप्रिलमध्ये गिअरबॉक्स उतरवताना हे ब्रॅकेट काढलं असणार आणि परत लावताना हाताला आले ते बोल्ट मारले. दर दाबाला सगळा जोर याच ब्रॅकेटवर येणार. सिलिंडर झुकला की रॉड तिरपा, रॉड तिरपा की पिस्टन बोअरच्या एका भिंतीवर घासत चालणार. पारडीच्या चौकात संध्याकाळी अर्धा तास अडकलात तर किती वेळा पेडल दाबता, मोजून बघा. पोळ्याचा नवा स्लेव्ह सात महिन्यांतच का गेला, याचं उत्तर तिथे मिळालं. तिसऱ्या बिघाडाचं रबर हातात नाही, पण मला वाटतं तिथेही याचा वाटा असावा.

चार मिमी म्हणजे बावीसातले जवळजवळ अठरा टक्के. पहिला गिअर करकरत होता तो त्यामुळेच. आणि क्लच पुरता सुटत नाही म्हणून ड्रायव्हर पेडल दोन-दोनदा मारत होता, म्हणजे झीज दुप्पट.

ब्रॅकेट काढून तडा व्ही आकारात घासला, वेल्डिंग करून मागून पट्टी दिली, भोकं भरून परत पाडली, चारही बोल्ट मूळ लांबीचे आणि वरच्या ग्रेडचे घेतले. त्याच वेळी फोर्कचा मधला टेकू पाहिला, तोही झिजून सपाट झाला असता तर रॉड तिरपा चालला असता. आमचा ठीक होता, ग्रीस लावून सोडला. पुन्हा मोजलं: हाउसिंगपासून साडेएकवीस. अर्धा मिमी कुठे गेला ते मामांनी मला शोधू दिलं नाही. म्हणाले, पेडलच्या पिनेत असेल, जेवायला चल.

लक्षण वेगळं असेल तर

आमच्या गाडीतलं सगळं तुमच्या गाडीत असेलच असं नाही, म्हणून थोडं इकडचं तिकडचं.

पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं, पण डबीतलं ऑइल कमी होत नाही आणि बाहेर कुठे ओलावा नाही, तर मास्टर आतल्या आत सोडतोय. खात्री करायला मास्टरच्या तोंडावरचा पाइप काढून तिथे त्याच आट्याचा आंधळा बोल्ट घाला. पेडल दगडासारखं लागलं तर मास्टर निर्दोष, पुढे शोधा. तरी खाली गेलं तर मास्टरच. रबरी होज पक्कडीनं आवळून ही परीक्षा करणारे असतात, त्यानं होजचा आतला थर फाटतो आणि एकाचे दोन बिघाड होतात. आतला थर फाटलेला होज बाहेरून धडधाकट दिसतो. ऑइल जायला वाट देतो, परत यायला देत नाही, त्यामुळे पेडल सोडल्यावर क्लच उशिरा पकडतो.

ऑइल कमी होतंय आणि स्लेव्ह कोरडा, तर केबिनमध्ये पेडलच्या मागे हात घाला. मास्टरच्या मागून गळणारं ऑइल रॉडवरून मॅटिंगखाली जातं आणि कोणाला दिसत नाही. रंग उचकटलेला दिसला तर समजा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं की लगेच पाण्यानं धुवा.

मोठ्या गाड्यांत क्लचला हवेचा बूस्टर असतो. तिथे ऑइल बाहेर न गळता बूस्टरच्या हवेच्या बाजूला जातं आणि हवा सुटायच्या तोंडातून तुषार उडतात. ऑइल कुठे जातं कळत नसेल तर पेडल सोडताना त्या तोंडाजवळ पांढरा कागद धरा. हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढत नसाल तर त्या बूस्टरचं आयुष्य किती, हे मी सांगायला नको.

पेडल दोन-तीन वेळा मारल्यावर गिअर पडतो, तर हवा आहे किंवा सरकणं कमी पडतंय. हवा निघतच नसेल तर आधी ब्लीडर कुठे आहे ते पहा. तो स्लेव्हच्या सगळ्यात वरच्या बाजूला हवा. काही स्लेव्ह दोन्ही बाजूंनी बसतात, घाईत उलटा लावला की ब्लीडर खाली आणि हवेचा बुडबुडा वर, मग दिवसभर पेडल मारा. मामांची पद्धत वेगळी होती: डबी भरली, ब्लीडर उघडला, बाटलीत नळी सोडली आणि बिडी ओढायला गेले. वीस मिनिटांनी ऑइल आपोआप, बुडबुड्याशिवाय वाहत होतं. मधे डबी रिकामी होऊ द्यायची नाही एवढंच.

आणि पेडल कडक, सरकणं पूर्ण, तरी गिअर पडत नाही, तर हायड्रॉलिक सोडून द्या. प्लेट वाकडी आहे, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांत अडकते आहे किंवा फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग जाम आहे. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

उन्हाचं म्हणाल तर, नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस) आला की नागपुरात प्रत्येक बिघाड उन्हाच्या खाती मांडतात. ताज्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश असतो, डॉट ४ चा २३०. पारा ४५-४६ वर गेला म्हणून ते उकळत नाही. पण हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. पाणी मुरलं की उकळबिंदू किमान पातळीवर डॉट ३ चा १४० आणि डॉट ४ चा १५५ पर्यंत उतरतो. शिवाय ते पाणी बोअरला आतून गंजवतं, माझ्या मते आपल्यासाठी तेच मोठं दुखणं आहे. दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, ऑइल पूर्ण बदलावं. अर्ध्या वापरलेल्या डब्याचं झाकण सैल ठेवून ते वर्षभर फळीवर पडलं असेल तर ते गाडीत टाकू नका. अर्धा लिटरचा डबा फेकणं परवडतं.

आता केबिनमध्ये ब्रेक ऑइलचा छोटा डबा दोरीनं बांधलेला आहे आणि त्यावर क्लीनर पोरानं लाल रंगानं "फक्त क्लच" लिहिलंय. स्टिअरिंगचं ऑइल मागच्या टूलबॉक्समध्ये हलवलं. दुरुस्त केलेल्या ब्रॅकेटवर मार्कर पेननं हाउसिंगपर्यंत एक रेघ मारून ठेवली आहे. दर पंधरा दिवसांनी खाली वाकून पाहायचं, रेघ तुटली का. आतापर्यंत पाच महिने, संत्र्याचा आंबिया बहार अजून यायचा आहे, रेघ सरळ आहे. पहिला गिअर मात्र थंड गाडीत अजून किंचित घासतो. तो अर्धा मिमी पेडलच्या पिनेतच असावा. पिन आणि बुश आणून ठेवलेत, मामा पुढच्या रविवारी येतो म्हणालेत.